घरातले ऋण, घरातली थट्टा

मराठी घरात सहसा कोणी कोणाचे आभार मानत नाही. आईने ताट वाढले म्हणून मुलगा तिला धन्यवाद देत नाही. नवऱ्याने गिरणीतून दळण आणले म्हणून बायको दोन शब्द बोलत नाही. कोणी तसे केलेच, तर समोरचे माणूस दचकते आणि काय बिनसले म्हणून विचारते. आभार ही सभेतली गोष्ट. तिथे त्यांच्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत शेवटची जागा राखून ठेवलेली असते आणि श्रोते नेमके तेव्हाच चपला शोधायला उठतात. घरातल्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्याला पाहुण्यांच्या पंक्तीला बसवणे, ही समजूत फार जुनी आहे. यावरून मराठी गृहजीवन कृतघ्न ठरत नाही. तिथली कृतज्ञता समोरून न येता दोन आडवाटांनी येते. एक वाट सणावारांच्या नेमाची आणि दुसरी थट्टेची. पहिली सर्वांच्या ओळखीची आहे. दुसरीची गणना सहसा कृतज्ञतेत होत नाही, पण मराठी घर समजून घ्यायचे असेल तर तीच अधिक उपयोगी पडते.

आधी नेमाची वाट. मराठी वर्षातल्या सणांकडे देवाच्या बाजूने न पाहता घरकामाच्या बाजूने पाहिले, तर त्यांतले बरेचसे वस्तूंचे आणि जनावरांचे सण दिसतात. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडले जातात. समया, निरांजने आणि वीज नव्हती त्या काळात कंदीलसुद्धा त्यात असत. त्या दिवशी कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खातात. नागपंचमीला काही चिरायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. नागाला इजा होऊ नये, असे या नेमाचे कारण सांगतात. विळी आणि तवा यांना मात्र त्यातून वर्षाची हक्काची रजा मिळते. शीतळासप्तमीला चूल पेटवायची नसते, आदल्या दिवशीचे थंड अन्न खायचे असते. खंडेनवमी-दसऱ्याला नांगर, रंधा, शिवणयंत्र, पाटी-पुस्तक आणि दारातली स्कूटर यांना झेंडूची फुले मिळतात. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात. वर्षभर जिला दाराआड उभे राहावे लागते, ती त्या संध्याकाळी लक्ष्मी म्हणून पाटावर असते.

या नेमांत गांभीर्य पुष्कळ आहे, पण लोकांनी ते फार वेळ टिकू दिलेले नाही. दिव्यांच्या पूजेचीच अमावास्या घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार आणि महिनाभर मांसमद्य बंद, म्हणून त्याच दिवशी दोन्हींचा समाचार घेण्याची रीत पडली आणि तिला लोकांनी ‘गटारी’ असे नाव दिले. एकाच घरात सकाळी पाटावर समया आणि दुपारी चुलीवर कोंबडी, हे दृश्य धर्मशास्त्राला मंजूर नसेल. महाराष्ट्राला त्यात काही विसंगत वाटलेले नाही.

नेम आणि थट्टा यांची सर्वांत चांगली गाठ पोळ्यात पडते. राज्याच्या मोठ्या भागात तो श्रावण अमावास्येला असतो. दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर या नावाने हाच सण आधी येऊन जातो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जोखडाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळून काढतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण देतात. घरचा गडी असावा तसा वर्षभर राबणारा प्राणी एका दिवसापुरता पाहुणा होतो. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जोखड ठेवत नाहीत, त्याच्यावर आसूड उगारत नाहीत. अंघोळ, शिंगांना रंग आणि बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग आणि शेवटी पुरणपोळीचा घास असा त्याचा सत्कार होतो. विदर्भात गावाच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे मोठ्याने फेकलेला छोटासा यमकबद्ध तुकडा. तो महादेवाच्या जयघोषाने संपतो, पण त्याआधी पाटील, सावकार, सरकार, कापसाचा भाव, शेजाऱ्याची कंजुषी अशा कोणाचीही खबर घेऊन मोकळा होतो. बैलाचे ऋण मान्य करण्याच्या दिवशीच, ज्यांचे ऋण व्याजासकट वसूल होते त्यांची टर उडवली जाते. हा योगायोग नसावा. ज्याने खरोखर कष्ट केले त्याला पुरणपोळी आणि ज्याने नुसता हिशेब ठेवला त्याला झडती, अशी त्या दिवसाची वाटणी आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात आणि खाऊ मिळवतात.

श्रावणात वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांतही ही दुहेरी चाल आहे. सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत राजा महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा ठरवतो आणि गावातले सगळे दूध देवळात आणण्याचा हुकूम काढतो. मुलांना थेंब ठेवायचा नाही, वासरांना पाजायचे नाही. गावाचे दूध ओतले तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने लेकरांना, नातवंडांना, वासरांना आधी पाजले आहे, सुनांना दिले आहे, आणि उरलेले खुलभर दूध आणले आहे. तेवढ्याने गाभारा भरतो. घरच्यांना उपाशी ठेवून केलेली भक्ती या कहाणीला मान्य नाही, आणि हे ती राजाला तोंडघशी पाडून सांगते. शुक्रवारच्या कहाणीतला विनोद अधिक धारदार आहे. गरीब बहिणीला भावाने जेवणाच्या पंक्तीतून उठवलेले असते. देवीच्या कृपेने तिचे दिवस पालटतात आणि तोच भाऊ तिला आग्रहाने जेवायला बोलावतो. ती येते, पाटावर बसते, अंगावरचे दागिने उतरून ठेवते आणि एकेक पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवत जाते. बोलावणे माझे नव्हतेच, ह्यांचे होते, असा तिचा खुलासा. भावाचा अपमान करायला तिला एकही कठोर शब्द लागत नाही.

आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच गोष्ट पुन्हा ऐकण्याच्या या रीतीला आधुनिक मानसशास्त्रात एक दूरचा भाऊबंद सापडतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या अमेरिकन संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही लोकांना ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी आठवड्याला लिहून काढायला सांगितले होते, तर काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा अधिक होती. मराठी घरातल्या बाईने मात्र या दोन याद्या कधी वेगळ्या केल्या नाहीत. तिने दोन्ही एकाच गाण्यात घातल्या.

हे गाणे जात्यावरचे. पहाटे, घर झोपलेले असताना, एक किंवा समोरासमोर बसलेल्या दोन बाया खुंटा धरून दळण दळत आणि ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यातून हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या होत्या, आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याची पुस्तके संपादून हा ठेवा छापील रूपात वाढवला. या ओव्यांत जाते हे दगडाचे यंत्र नसते. ते देव असते, सखा असते, मनातले ऐकून घेणारे असते. दळण्याचे बळ कुठून आले, तर आईच्या दुधातून, असा हिशेब ओवी पुन्हा पुन्हा मांडते. भाऊ, पंढरपूर, तुळस, लेकरे यांचे कौतुक होते. आणि त्याच पिठात नणंदेची ऐट, सासूचा कडक कारभार, घरधन्याचा आळस हेही पडते. ऐकणारे कोणी नाही असे गृहीत धरून ओवी गायली जाई. प्रत्यक्षात भिंतीपलीकडे झोपेचे सोंग घेतलेल्या घराला ती ऐकू जात असे. दिवसा तोंडावर बोलता न येणाऱ्या गोष्टी घरापर्यंत पोचवण्याची ही एक सोय होती. पिठाच्या गिरण्या आल्या, बाईच्या खांद्यावरचा भार कमी झाला आणि ओवी थांबली. या बदलाची हळहळ बहुधा कधी न दळलेल्यांनाच अधिक वाटते.

अश्विनातला भोंडला किंवा हादगा हा याच सोयीचा सामुदायिक प्रकार. पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली भोवती फेर धरतात. गाण्यांत सासर हास्यास्पद आणि माहेर सोन्याचे असते. एका प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू कारल्याचे बी पेरण्यापासून त्याची भाजी होईपर्यंत एकेक अट घालत जाते. गाणे जेवढे लांबते तेवढी सासू हास्यास्पद होते. फेर संपला की झाकलेली खिरापत ओळखायची. जिच्या घरी भोंडला त्या घरची आई एखादा अवघड पदार्थ करून सगळ्यांना चकवते, आणि मुली मुद्दाम भलतीसलती नावे घेत राहतात. पदार्थ ओळखला न जाणे हाच तिथे स्वयंपाकाचा गौरव. मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा-फुगड्यांच्या जोडीला सासू-सुनांच्या, विहिणी-विहिणींच्या लुटुपुटीच्या भांडणांचे खेळ असतात. कधी खऱ्या सासवाच सुनांच्या भूमिका करतात, आणि त्या फार बारकाव्याने करतात.

उखाण्याची गोष्ट थोडी निराळी. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हा जुना संकेत. लग्न, डोहाळजेवण, सत्यनारायण, हळदीकुंकू अशा प्रसंगी मात्र चारचौघांत ते घ्यायचेच, हा दुसरा. दोन संकेतांच्या मधून वाट काढायला यमक आले. पहिल्या ओळीत चांदीचे ताट, अंगणातली तुळस, देव्हारा, नदी, महादेवाची पिंड यांतले काहीही, दुसऱ्या ओळीत नाव. दोहोंचा अर्थाने संबंध असलाच पाहिजे असे नाही. नसला तर हशा अधिक. पण एकेका घरातल्या उखाण्यांतल्या पहिल्या ओळी गोळा केल्या तर त्या घराच्या वस्तूंची, देवांची आणि हौसेची पूर्ण यादी तयार होईल. नव्या सुनेला उंबरठ्यावर अडवणारी नणंद तिला लाजवते खरी, पण घरात आल्या आल्या तिला सर्वांसमोर बोलायची पहिली संधीही तीच देते. आता नवरेही उखाणा घेतात. त्यांचा उखाणा बहुधा छापील पुस्तकातला किंवा मोबाइलवर आलेला असतो आणि अर्ध्यात विसरला जातो. तरीही तो चालतो, कारण अडखळणाऱ्या नवऱ्याला हसण्याची संधी बायकोच्या माणसांना पूर्वी मिळत नव्हती.

मौखिक परंपरेत बायकांकडे असलेला हा कारभार छापील गद्यात आला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही. १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना जमत नसे, आणि रागाच्या किंवा एखाद्या कल्पनेच्या भरात ते घर सोडून निघून जात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने तीच वाट धरली. एवढ्या सामग्रीतून कोणीही शोकांतिका लिहिली असती. लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून टिळकांच्या उधळपट्टीपर्यंत सगळे हसत सांगितले, आणि स्वतःची फजिती त्यातून वगळली नाही. नगरच्या घरी राहून गेलेले बालकवी ठोंबरेही त्यांच्या पुस्तकात आधी एक लहरी, जपून वागवावा लागणारा मुलगा आहेत आणि मग कवी.

टिळक १९१९ मध्ये वारले होते. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’तला विनोद पंधराएक वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यावर त्याच्या विधवेने केलेला आहे. मराठी गृहजीवनातल्या कृतज्ञतेचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. लक्ष्मीबाई नवऱ्याचे गुण मोजत बसत नाहीत. ते कसे रागावत, कसे विसरत, हातात पैसे पडले की काय करीत, हे त्या तपशिलाने सांगतात. आणि माणूस इतका बारकाईने आठवतो याचा अर्थ काय, ते वाचकावर सोडतात. त्या काळच्या चरित्रांत थोर पुरुषाच्या बायकोने साथ दिली असे एक वाक्य असे. इथे त्या साथीचा संपूर्ण जमाखर्च बायकोनेच मांडला.

‘स्मृतिचित्रे’च्याच दशकात चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचे चिमणराव लोकप्रिय झाले. जोशी बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवीत, जातककथांचे जाणकार होते. त्यांचा नायक पुण्यातला किरकोळ अंगाचा, बेताच्या कमाईचा संसारी माणूस; घरात आई, बायको काऊ, मुले मोरू आणि मैना, जोडीला सोटा बाळगणारा धिप्पाड गुंड्याभाऊ. त्याआधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील विनोदाचा रोख सामाजिक रूढींवर होता, गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’ने ठकीच्या लग्नाच्या निमित्ताने घरात पाऊल टाकले, चिमणरावांनी तिथेच बिऱ्हाड केले. ओवीत आणि भोंडल्यात बाई सासरला हसत होती. चिमणरावांच्या कथांत घरचा कर्ता पुरुष स्वतःला हसू लागला, आणि तेही प्रथमपुरुषी निवेदनातून, स्वतःच्या तोंडाने. पगारावर चालणाऱ्या छोट्या शहरी कुटुंबात कर्तेपणाचा रुबाब परवडेनासा झाला होता. त्या बदलाची ही पहिली मोकळी कबुली. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी दूरदर्शनवर आणली तेव्हा घरे बरीच बदलली होती, तरी प्रेक्षकांना टिपा लागल्या नाहीत. पुढे गंगाधर गाडगीळांचा बंडू, पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ आणि शि. द. फडणिसांची शब्दांवाचून हसवणारी चित्रे यांनी हे घर अनेक अंगांनी वाढवले.

घरगुती थट्टेला एक काळी बाजूही आहे, आणि ती झाकून या विषयाची मांडणी पूर्ण होत नाही. थट्टा खालून वर जाते तेव्हा ती कृतज्ञतेबरोबर नांदू शकते: सून सासूची करते, बायको नवऱ्याची, गडी मालकाची. ती वरून खाली आली की बहुधा नुसती हेटाळणी उरते. दिवाळी अंकांच्या पानापानांवर वर्षानुवर्षे छापलेले, लाटणे घेतलेल्या बायकोचे विनोद या दुसऱ्या जातीचे. ज्या लाटण्याने पोळ्या लाटल्या ते त्यांत फक्त हत्यार म्हणून दिसते. पोळ्या कोणी खाल्ल्या याचा उल्लेख नसतो. भारत सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात असे काही काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या वर होते, पुरुषांचे २६ टक्क्यांच्या आसपास.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरकामाचा अभ्यास १९८९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. कोणते काम ‘देणे’ मानले जाते आणि कोणते नुसते कर्तव्य, यावर घरातली कृतज्ञतेची देवघेव ठरते, असे त्यांचे निरीक्षण. नवऱ्याने भांडी घासली तर तो उपकार आणि बायकोने घासली तर सोमवार. मराठी घरात हे रोज घडते. रविवारी एकदा कांदेपोहे करणाऱ्या पुरुषाचे कौतुक आठवडाभर पुरते, आणि त्या पोह्यांनंतरचा ओटा कोणी आवरला हे कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी स्तुती ही कामाच्या वाटणीची जागा घेते, आणि थट्टा स्तुतीची.

हीच अडचण घरकाम करणाऱ्या मोलकरणींच्या बाबतीत अधिक उघडी पडते. शहरी मध्यमवर्गीय घर त्यांच्यावर चालते. त्यांना दिवाळीला पगाराएवढी बक्षिसी, संक्रांतीला तिळगूळ, कधी जुनी साडी मिळते. त्यांच्या उशिरा येण्याच्या कथा सांगून हसलेही जाते. हे सगळे आपुलकीने होत असले, तरी बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि पगारी रजा मागणारीच्या हक्कावर, हा फरक राहतोच. पुण्यात घरकाम करणाऱ्या बायांच्या संघटित लढ्याला १९८० मध्ये सुरुवात झाली, तेव्हापासून पगारवाढ आणि सुट्टी हे विषय त्यांच्या मागण्यांत आहेत. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा केला. त्यामुळे नोंदणी आणि काही लाभांची सोय झाली. आठवड्याच्या सुट्टीचा सौदा मात्र अजून बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच होतो, आणि त्यात कोणत्या वाराचे नाव आधी काढायचे याची चतुराई बाईसाहेबांपेक्षा बाईंकडे अधिक असते.